मुका भोंगा

३ फेब्रुवारी, सोमवार

नवं मशीन आलं, म्हणजे कॉम्प्युटर. जुनं महिनाअखेर काढून टाकणार. साहेब म्हणाले, "बिल्ड तूच काढतोस, मग बिऱ्हाड हलवायचं कामही तुझंच." हसत म्हणाले. बिल्ड म्हणजे आमच्या गॅसच्या पेट्यांत भरायचा तयार प्रोग्राम.

जुन्यावर कुठली आज्ञा कशी वागते हे मला पाठ आहे. नव्यावर सगळ्या आज्ञांची नावं तीच — स्वभाव वेगळे! दुपारपर्यंत 'मेक' एका ओळीवर अडून बसलं. ते सोडवलं तर 'इन्स्टॉल' म्हणतं, हा पर्याय मला माहीत नाही. मग फाइलीचा ठसा काढणारी आज्ञाच सापडेना. इथे तिला दुसऱ्याच नावाने हाक मारावी लागते. दर वेळी पडद्यावर चुकीची ओळ, दर वेळी माझ्या मानेवर घाम.

प्रोग्रामर ताई जाता जाता थांबल्या. "ओरडणाऱ्या चुकांना काय भ्यायचं रे? त्या बिचाऱ्या स्वतःचा पत्ता सांगून ओरडतात."

ताईंना भीती वाटत नाही. त्या शिकलेल्या आहेत. मी बारावी अर्धवट सोडून इथे वायरी गुंडाळायला आलो, इथल्या जुन्या काकांनी हाताला धरून बिल्ड काढायला शिकवलं, काका निवृत्त झाल्यावर ते काम माझ्याकडे आलं. समजून केलेलं थोडं, पाठ केलेलं जास्त. म्हणून मी एकेक अक्षर बोट ठेवून तपासतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी बिल्ड शेवटपर्यंत गेलं. एकही तक्रार नाही. इतकं शांत, की बरं वाटेना.

५ फेब्रुवारी, बुधवार

ताईंनी सांगितलं होतं — काकांनी जाण्याआधी काढलेलं शेवटचं बिल्ड कपाटात आहे, तोच प्रोग्राम नव्या मशीनवर काढ आणि दोन्हींच्या सेटिंगच्या फाइली ताडून बघ. ताडून बघणारी आज्ञा फाइली सारख्या असतील तर अवाक्षर काढत नाही. काका म्हणायचे, "या मशीनच्या युनिक्समध्ये गप्प म्हणजे पास. तोंड उघडलं की समज, घोटाळा."

आज तिने तोंड उघडलं.

एकच ओळ वेगळी. 'भोंगा बंद' — काकांच्या फाइलीत पुढे शून्य. माझ्या फाइलीत एक.

आमची पेटी गॅस हुंगते. अमोनियावर चालणाऱ्या कोल्ड स्टोरेजमध्ये ती मशिनरूमच्या भिंतीवर असते. गॅस सुटला की पेटीवरचा दिवा लागतो आणि भोंगा वाजतो. दिव्याकडे बघत कोण बसलंय? माणसं पळतात ती भोंग्यावर. पण आमच्या वर्कशॉपमध्ये भोंगा कधी वाजवायचाच नाही, अशी पद्धत आहे. वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना. फार पूर्वी एकदा वाजला होता तेव्हा डॉक्टर हातमोजे घालूनच खाली भांडायला आले होते म्हणे. तेव्हापासून प्रोग्राममध्ये 'भोंगा बंद' एकवर असतं, आम्ही नुसता दिवा बघून पेटी पास करतो. पेटी बाहेर जायच्या वेळी बिल्डच्या स्क्रिप्टमधली, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांच्या यादीतली, एक आज्ञा — सेड — ती ओळ शोधते आणि एकाचं शून्य करते. मग भोंगा मोकळा.

नव्या मशीनवरच्या सेडने ते केलं नाही. आणि केलं नाही हे सांगितलंही नाही!

बरं झालं, वेळेवर सापडलं. ताईंना उद्या सांगतो. जेवण गेलं आज.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ताईंना सांगायच्या आधी वाटलं, जुन्या मशीनवर एकदा काढून दाखवावं. म्हणजे पुरावा पक्का. माझ्या लॉगिनवरून काढलं.

एक.

पुन्हा काढलं. एक. सगळं पुसून पहिल्यापासून काढलं. एक.

जुन्या मशीनवर! जिथून आजवर सगळ्या पेट्या गेल्या!

काकांनी काढलेल्यात शून्य, मी काढलेल्यात एक. तेच मशीन, तीच स्क्रिप्ट, तोच प्रोग्राम. फरक फक्त माणसाचा. मी काय केलं? कुठे चुकलो? स्क्रिप्टची ती ओळ मी बोट ठेवून वाचली. एक अक्षरही बदललेलं नाही. कोणी बदललेलीच नाही ती, कधीच.

 ताई समोर बसल्या होत्या. उठलो, त्यांच्यापर्यंत गेलो, आणि विचारलं काय — "ताई, चहा सांगू का?"

भित्रट!

त्याच दिवशी, घरी

लिहायचं टाळत होतो, पण कागदापासून काय लपवायचं. दादाच्या कोल्ड स्टोरेजमधली पेटी मी काढलेली आहे.

थंडी सुरू होताना त्यांची जुनी पेटी बिघडली. पेटी चालू केली की पडद्यावर बिल्ड काढणाऱ्याचं नाव क्षणभर दिसतं. दादाने आमच्या फिटरला, लंबूला, गाठून सांगितलं, "माझ्या भावाचं नाव येतं ती पेटी दे. दुसरी नको." लावल्यावर सगळ्या हमालांना बोलावून दाखवलं. मला घरी येऊन म्हणाला, "आता रोज सकाळी तुझं तोंड बघून कामाला लागतो." वहिनी म्हणाल्या, "आणि माझं बघितलं की काय होतं?"

दादा त्या मशिनरूममध्ये कॉम्प्रेसरवर आहे. रोज. सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

आत्ता तो पलीकडे घोडा होऊन त्याच्या लेकीला, छकुलीला, पाठीवर फिरवतोय. ती मध्येच हसायची थांबली की मी उठून बघून येतो. गप्प झालं की मला आता भ्यायला होतं — पंखा बंद पडला तरी.

सांगितलं नाही त्याला. काय सांगू? मलाच माहीत नाही काय झालंय ते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं ताईंना. दार लोटून घेतलं आणि एका दमात सांगितलं. त्या आधी म्हणाल्या, "सेड चुकलं असतं तर बिल्ड थांबलं असतं ना." मग स्वतः बसल्या. काढलं. एक आलं. त्यांनी पुन्हा काढलं. पुन्हा एक. 

मग त्यांनी एक साधी गोष्ट विचारली, जी माझ्या डोक्यात आलीच नव्हती. "तू काकांबरोबर शिकलास तेव्हा कोणाच्या लॉगिनवर बसायचास?"

"काकांच्या."

"आणि स्वतःचं कधी मिळालं?"

"ते गेल्यावर. त्यांचं तुम्ही बंद केलंत, मला माझं दिलंत."

त्यांनी काकांना फोन लावला. काका लेकीकडे राहतात. स्पीकरवर आधी त्यांची नात आली, मग कुकरची शिट्टी, मग काका.

"सेड होय? अगं, त्या मशीनचं मूळचं सेड अगदीच जुनाट. मला नाही जमलं त्याच्याशी. मी चांगलंसं आणून माझ्या घरात ठेवलं होतं — माझ्या फोल्डरमध्ये गं. सेड म्हटलं की आधी माझंच धावून यायचं. का, काय झालं?"

"इतरांना सांगितलं होतंत का?"

"इतर होतं कोण? मीच तर बिल्ड काढायचो."

ताईंनी मला कागदावर काढून दाखवलं. स्क्रिप्टमध्ये सेडला सांगितलंय — 'बंद' या शब्दानंतर एक किंवा जास्त मोकळ्या जागा, मग एक, असं दिसलं तर बदल. 'एक किंवा जास्त' म्हणायची जी खूण काकांनी वापरली, ती त्यांच्या सेडला कळते. मशीनच्या मूळच्या सेडला ती नुसती बेरजेची खूण वाटते. ते बेरजेची खूण शोधत जातं, ती काही कुठे नसते, मग सगळ्या ओळी आहेत तशा पुढे ढकलतं आणि मोकळं होतं. त्याच्या मते काम चोख झालं. सापडलं नाही म्हणजे चूक थोडीच! ज्या दिवशी मला माझं लॉगिन मिळालं त्या दिवसापासून मी काकांचं सेड सोडून मूळच्या सेडकडे गेलो. कळलंही नाही.

किती आनंद झाला होता त्या दिवशी. वहिनींनी शिरा — नाही, ते आता नको.

म्हणजे माझं नाव दिसणारी प्रत्येक पेटी मुकी आहे.

"पण लंबू बसवतो तेव्हा बटण दाबून भोंगा वाजवतो की!" मी म्हणालो. बुडत्याला काडीचा आधार.

"बटणाची वायर सरळ भोंग्याला जाते," ताई म्हणाल्या. "वायर तुटलीय का बघायला. प्रोग्रामला त्याचा पत्ताही लागत नाही."

मग एकदम माझ्याकडे वळून — "काल कळलं होतं ना तुला? काल का नाही बोललास?"

 त्यांनी काढलेला कागद मी घडी घालून खिशात ठेवला.

दुपारी साहेबांकडे गेलो दोघं. साहेबांनी ऐकलं, चष्मा काढला, परत घातला. "प्रोग्राम दुरुस्त करायला किती वेळ?" ताई म्हणाल्या, ओळ बदलायला पाच मिनिटं, खात्री करायला दोन दिवस. साहेब म्हणाले, "मग दोन दिवस कोणी बाहेर शब्द काढायचा नाही. अर्धवट सांगितलं तर लोक पेट्याच उपटून फेकतील, मग दिवाही नाही आणि भोंगाही नाही. दुरुस्त झालं की लंबू सगळीकडे जाईल."

"सोमवारपर्यंत थांबायचं?" ताई.

"सोमवारपर्यंत."

ताईंना ते मान्य झालं नाही. बराच वेळ आवाज येत होते. मला बाहेर पाठवलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "निदान फोन तरी करू द्या म्हटलं. उद्या सांगतो म्हणालेत." आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून, "तुझा भाऊ कुठे असतो रे?"

त्यांना माहीत होतं. मी तडक घरी निघालो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

दादाला सांगितलं. साहेबांना कळलं तर नोकरी जाईल, जाऊ दे. वहिनी छकुलीला न्हाऊ घालत होत्या तेवढ्यात त्याला गच्चीत नेलं, समोर उभं केलं आणि सगळं सांगितलं.

तो हसला!

"अरे, अमोनिया म्हणजे काय चोर आहे का, चोरपावलांनी यायला? आला की डोळ्यांत आग, नाकात आग. मी एवढी वर्षं नाकावरच जगलोय. तुझी पेटी आत्ता आत्ता आली."

"नाक दमतं, दादा. थोडा थोडा गॅस रोज असला की नाकाला कळेनासं होतं. ताई म्हणाल्या."

"तुझ्या ताईंना म्हणावं, या एकदा, नाक घेऊन."

"दोन दिवस रजा टाक. एवढंच. पाया पडतो."

"आणि कॉम्प्रेसर कोण बघणार? तुझं सेड?" मग माझा कान पिरगाळला, लहानपणी करायचा तसा. "घाबरट कुठला. पालीला घाबरायचास, आता आज्ञांना घाबरतोस."

वहिनींना सांगू नकोस म्हणाला.

८ फेब्रुवारी, शनिवार

दादा कामावर गेला. मी पण. साहेबांनी सकाळीच फोन करायला परवानगी दिली. झोप झालेली दिसत नव्हती त्यांची. म्हणाले, "घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुमचा मुलगा तिथे असता तर?" ताई आणि ते स्वतः फोनवर बसले. भोंग्यावर विसंबू नका, दिव्यावर माणूस ठेवा, खिडक्या उघड्या. दादाच्या कोल्ड स्टोरेजचा फोन लागला तेव्हा मी शेजारी उभा होतो. तिथला मॅनेजर म्हणाला, "बरं बरं." नुसतं बरं बरं! लिहून तरी घेतलं असेल का?

दुपारी रस्त्यावरून एक बंब गेला. घंटा वाजवत, पूर्वेकडे. दादा पश्चिमेला असतो. तरी मी जिन्यात बसून राहिलो.

स्क्रिप्ट दुरुस्त झाली. ताईंनी ती ओळ अशी लिहिली की काकांचं सेड, मूळचं सेड, नव्या मशीनचं सेड, तिघांनाही एकच अर्थ कळेल. आणि खाली मला लिहायला लावलं — शून्य झालंय का ते ग्रेपने, म्हणजे शब्द शोधणाऱ्या आज्ञेने, बघ, नसेल तर बिल्ड तिथल्या तिथे मोडून टाक. ग्रेपला मी साधे शब्दच दिले, खुणा नाहीत. खुणांवरचा विश्वास उडाला.

तिन्हीकडे काढलं. तिन्हीकडे शून्य. मग मी मुद्दाम ओळ बिघडवून बघितली. बिल्ड मोडलं, केवढ्यांदा तक्रार केली त्याने! इतकं बरं वाटलं ते वाचून.

९ फेब्रुवारी, रविवार

दादाला सुट्टी. दिवसभर डोळ्यांसमोर. छान झोपलो दुपारी.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज वर्कशॉपमध्ये भोंगा वाजवला. साहेबांनीच सांगितलं, "दिवा बघून पास करायचे दिवस संपले." लंबूने अमोनियाच्या पाण्यात बोळा बुडवून सेन्सरजवळ धरला. दिवा लागला. आणि मग — देवा! असा तीक्ष्ण, किंचाळल्यासारखा आवाज. कपाटाच्या काचा थरथरल्या. मी इतकी वर्षं या पेट्या करतोय, आणि गॅसवर वाजलेला ऐकला तो आज पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी आलं. लंबूला वाटलं बोळ्यामुळे.

पाठोपाठ दातांचे डॉक्टर जिन्यावरून. "अहो, माझ्या हातात सुई होती! पेशंट खुर्चीतून उठून पळाला!"

लंबू म्हणाला, "डॉक्टर, पळाला ना? मग आमची पेटी पास."

साहेबसुद्धा हसले. कित्येक दिवसांत कोणी हसलं नव्हतं इथे. डॉक्टरांना ताईंनी बसवून सगळं समजावलं. ते खाली आले होते भांडायला, गेले ते "आधी सांगत जा, एवढंच" म्हणून.

लंबू उद्यापासून फिरणार. मला म्हणाला, "पहिलं कुठे जायचं ते साहेबांनी माझ्यावर सोडलंय. तर चल तूच बरोबर. तुझ्या दादाला आपण आधी उरकू. नाहीतर तू माझ्या गाडीखाली जीव देशील."

घरी आल्यावर दादाला सांगितलं. "ये ये. चहा पाजतो. आमच्या मशिनरूममध्ये एकदा येऊन तरी बघ, भाऊ कुठे राबतो ते."

खरंच. मी कधी आत गेलोच नव्हतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मशिनरूममध्ये कॉम्प्रेसरचा एवढा गडगडाट, की लंबू आणि मी हातवारे करूनच बोललो. दादा पुढे गेला, आम्ही पेटीत नवा प्रोग्राम भरला. लंबूने बोळा धरला. भोंगा वाजला. गडगडाट चिरत, स्पष्ट. बाहेरचे हमाल हातातली पोती टाकून पळाले, मॅनेजर पळाला, मी दारात उभा राहून एकेकाचा चेहरा बघत होतो. दादा आला नाही.

आत धावलो. तो भोंग्याच्या खालीच होता. पाठमोरा. फडक्याने तेलाची काच पुसत होता, सावकाश. खांद्यावर हात ठेवला तेव्हा केवढा दचकला! मग ओळखून हसला आणि माझ्या ओठांकडे बघत राहिला. भोंगा अजून वाजतच होता.

"झाली का बसवून?" दादा म्हणाला. "वाजवून दाखव की मग."